महापालिकेची तक्रार सेवा: आठ महिने वापरून लिहिते आहे

पाचपैकी अडीच स्टार. त्यातला अर्धा आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचा आहे, तो दुसऱ्या कुणी आपल्या नावावर लावून घेऊ नये.

माझी पिठाची गिरणी आहे, 1998 पासून. शहराचं नाव लिहीत नाही, कारण मला इथंच राहायचंय आणि पुढची तक्रारही इथंच करायचीय. गिरणी गल्लीच्या तोंडाशी आहे. उंबऱ्यापासून चार पावलांवर, रस्त्याच्या बरोबर मध्ये, ड्रेनेजचं चेंबर. सत्तावीस वर्षं त्याचा मला काही त्रास नव्हता. गेल्या मे महिन्यात रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला. 2025 चा पाऊस तर मे संपायच्या आतच येऊन धडकला, त्यामुळे ठेकेदाराची माणसं रात्री दिवे लावून रोलर फिरवत होती. सकाळी दार उघडून बघते तर रस्ता काळाभोर, गुळगुळीत आणि चेंबरचं झाकण खड्ड्यात. म्हणजे झाकण होतं तिथंच होतं, रस्ता वर आला होता. हात आडवा धरून मोजलं. चार बोटं.

चार बोटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण पाऊस पडला की तिथं पाणी साचतं, वरून सगळं सपाट दिसतं आणि स्कूटरचं पुढचं चाक त्यात गेलं की हँडल हातातून निसटतं. पहिला पडला तो दूध टाकणारा मुलगा. पहाटे साडेपाचला. पिशव्या फुटून पाणी पांढरं झालं तेव्हा कुठं आम्हाला खड्डा नीट दिसला. दुसऱ्या पडल्या त्या माझ्या गिऱ्हाईक आजी, पायी, डबा कडेवर घेऊन. त्यांना काही लागलं नाही, पण पाच किलो ज्वारीचं पीठ पाण्यात गेलं. मी त्यांना पुन्हा दळून दिलं आणि त्याच दुपारी मोडक्या प्लास्टिकच्या खुर्चीला लाल परकराचा तुकडा बांधून ती चेंबरवर उलटी ठेवली. झाकण एका बाजूनं डुगडुगायलाही लागलं होतं. मुंबईत 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, ते गल्लीत सगळ्यांना आठवत होतं. पोरांना शाळेत सोडायला जाणाऱ्या बाया तर त्या खुर्चीला वळसा घालूनच जायच्या.

जूनमध्ये महापालिकेचं अॅप घेतलं. भाचीनं मोबाइलवर बसवून दिलं. अॅप दिसायला बरं आहे, मराठीत आहे, फोटो पटकन चढतो. पण तक्रारीचा प्रकार निवडायला सांगतात, तिथंच निम्मा खेळ हरतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ‘झाकण’ असा शब्द यादीत कुठंच नाही. रस्ता दिसला म्हणून मी रस्ता निवडला. सहा दिवसांनी मेसेज आला: आपली तक्रार मलनिस्सारण विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे. आणि खाली लगेच: तक्रारीचे निराकरण झाले. आपण समाधानी आहात का?

मी बराच वेळ त्या मेसेजकडे बघत बसले. माझ्याकडे लोक डबे ठेवून जातात, प्रत्येकात चिठ्ठी असते, कुणाचं बारीक, कुणाचं जाडसर. डबा मी शेजारच्या गिरणीत ‘वर्ग’ केला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की झालं बरं का तुमचं दळण, तर तो मला काय म्हणेल?

‘नाही’ दाबलं. तक्रार पुन्हा उघडली गेली, ही सोय मात्र चांगली आहे, ती वापरा. पुढं जुलैमध्ये मलनिस्सारण विभागाचं उत्तर आलं: चेंबर सुस्थितीत आहे, रस्त्याची पातळी वाढल्यामुळे प्रश्न निर्माण झाला आहे, सबब पथ विभागाकडे वर्ग. पुन्हा निराकरण झाले. पुन्हा नाही दाबलं. तिसऱ्यांदा मात्र कमाल झाली. निराकरणासोबत फोटो आला. नवं कोरं झाकण, रस्त्याच्या पातळीत, कडेनं ताजं सिमेंट. मला क्षणभर आनंदच झाला. मग नीट बघितलं तर झाकणाच्या मागं कुणाच्या तरी दारातलं तुळशी वृंदावन, हिरव्या रंगाचं, त्यावर पांढरी स्वस्तिकं. आमच्या गल्लीत वृंदावन एकही नाही. सगळ्यांच्या तुळशी डालड्याच्या जुन्या डब्यात नाहीतर बाल्कनीतल्या कुंडीत. मी बाहेर जाऊन बघून आले. खुर्ची जागेवर, परकर वाऱ्यावर उडतोय.

तो फोटो मी छापून घेतला. दहा रुपये लागले. आठ महिन्यांत सगळ्यात कामाला आलेले दहा रुपये तेच.

हेल्पलाइनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फोन उचलतात, मुली अदबीनं बोलतात, नंबर देतात. तो नंबर जातो त्याच यंत्रात जिथं अॅपची तक्रार जाते, त्यामुळे अॅप येत नसेल तरच फोन करा.

आता चांगलं सांगते, नाहीतर वाटेल ही बाई नुसतं रडगाणं गाते. रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार. पाच स्टार, चक्क पाच. ऑगस्टमध्ये कोपऱ्यावरचा दिवा गेला. त्याच अॅपवर तक्रार टाकताना खांब क्रमांक विचारतात. बाहेर जाऊन बघितलं तर खांबावर एका भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, बरोबर नंबरवर बांधलेला. स्टुलावर चढून, फ्लेक्सची कडा उचलून, मोबाइलच्या उजेडात नंबर वाचला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिडीची गाडी हजर. माणूस वर गेला, डबी उघडली, दिवा लागला. मी चहा दिला तेव्हा म्हणाला, “ताई, तुम्ही नंबर दिलात म्हणून. नाहीतर लोक लिहितात मारुतीच्या देवळाजवळचा दिवा. या शहरात मारुतीची देवळं किती, मोजलीत का कधी?”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ज्या वस्तूला नंबर आहे आणि जिचा मालक एकच विभाग आहे, तिथं ही सेवा उत्तम चालते. दिवा हा विद्युत विभागाचा, विषय संपला. पण आमच्या चेंबरला नंबर नाही आणि मालक दोन. खालची विहीर मलनिस्सारणची, वरचं डांबर पथ विभागाचं आणि झाकण त्या दोघांच्या मधे. अॅपला ‘मधे’ कळत नाही.

म्हणून मग क्षेत्रीय कार्यालयात गेले. श्रावणात दळण कमी असतं, उपास असतात, दोन तास गिरणी बंद ठेवली तरी चालतं. गल्लीतल्या 41 जणांच्या सह्या घेतल्या होत्या. कागदाला पीठ लागलं होतं, झटकून दिलं. आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनी शिक्का मारायच्या आधी सगळं वाचलं. सरकारी कचेरीत माझा कागद कुणी वाचताना मी पहिल्यांदाच बघितलं. मग म्हणाल्या, “मावशी, हे ‘प्रति’ मध्ये एकाच साहेबांचं नाव आहे. दोन्ही विभागांचे उपअभियंते लिहा, एकाच पत्रावर. म्हणजे कुणाला म्हणता येणार नाही की आमच्याकडे आलंच नाही.” तिथंच उभी राहून पेननं दुसरं नाव लिहिलं. पोच घेतली. आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का. आणि त्यांनीच हळू आवाजात सांगितलं की रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागा, वाद घालत बसू नका.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी अर्ज लिहून दिला. आपल्या राज्यात हा अर्ज 150 शब्दांत बसवायचा असतो आणि विषय एकच. काकांचा पहिला मसुदा तीन पानी होता, त्यात इंग्रजांच्या काळातल्या गटारांचा इतिहासही होता, तो काढायला लावला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला. उत्तराला 30 दिवसांची मुदत. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं, अकरा पानं, दोन रुपये पानाप्रमाणे 22 रुपये भरा. भरले.

त्या अकरा पानांत सातव्या पानावर एक ओळ होती: अस्तित्वातील चेंबर रस्त्याच्या पातळीस आणणे, 14 नग. मोजमाप पुस्तिकेच्या, म्हणजे झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीच्या, नकलेतही 14. काका आणि मी रविवारी सकाळी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. ते मोजत होते, मी खडूनं खुणा करत होते. चेंबरं चौदाच होती. पण वर आणलेली नऊ. पाच खाली, त्यातलं एक माझं. येणारे-जाणारे विचारत होते, काकू, रांगोळीची स्पर्धा आहे का?

म्हणजे काम अंदाजपत्रकात होतं. हे कुणाचं, ते कुणाचं, हा प्रश्नच नव्हता, ते जूनमध्येच पथ विभागाच्या कपाटात लिहून ठेवलेलं होतं. फक्त तक्रार बघणाऱ्या माणसानं कपाट उघडलं नव्हतं. अॅपवर कितीही वेळा ‘नाही’ दाबलं असतं तरी ते उघडलं नसतं.

मग लोकशाही दिन. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्त स्वतः तक्रारी ऐकायला बसतात. सेवा फुकट आहे, अर्ज मात्र पंधरा दिवस आधी, ठरलेल्या नमुन्यात. मी पुन्हा तोच 41 सह्यांचा कागद जोडून नेला, तर तिथल्या क्लार्कनं परत केला. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची पाहिजे, सामूहिक चालत नाही. लोकशाही दिन, आणि लोक नकोत! क्लार्कचा काही दोष नाही, नियमच तसा आहे. घरी येऊन अर्ज बदलला. ‘आमच्या गल्लीतील’ खोडून ‘माझ्या गिरणीसमोरील’ लिहिलं आणि बाकीच्या चाळीस जणांना सांगितलं की तुमच्या वतीनं आता मी एकटीच पडते आहे त्या खड्ड्यात. अर्ज दिला वसुबारसेला, 17 ऑक्टोबर. भाजणीचे डबे दारापर्यंत लागले होते, गिऱ्हाइकं ताटकळत होती, पण मुदत मुदतच.

त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला होता, 13 ऑक्टोबर 2025 चा. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणी दगावलं तर वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई, आणि ती जबाबदार माणसांकडून वसूल करायची. काकांनी कात्रण काढून अर्जाला टाचलं. मला ते जरा धमकीसारखं वाटलं. काका म्हणाले, धमकी नाही, संदर्भ.

3 नोव्हेंबरचा सोमवार. सभागृहात एसी इतका की मी पदर डोक्यावरून घेतला. टोकन नंबर अकरा. पाणी, चहा मिळाला, बसायला खुर्ची होती, आणि नंबरानुसारच बोलावलं, मधे कुणी घुसलं नाही, हे नमूद करते. आधीच्या दहा जणांत एक आजोबा होते, त्यांच्या घरपट्टीवर गेली तीन वर्षं दुसऱ्याचंच नाव येत होतं. माझा नंबर आला. आयुक्त, म्हणजे तेव्हाचे प्रशासकही तेच, कारण 2022 पासून आमच्याकडे नगरसेवकच नव्हते, त्यांनी अर्ज वाचला. मी तिन्ही निराकरणांचे मेसेज छापून नेले होते. आणि तो फोटो.

त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला. “ही तुळस कुठली?”

कुणी काही बोलेना. दोन साहेब माझ्या डाव्या बाजूला उभे होते, एक पथ विभागाचे, एक मलनिस्सारणचे. पाच महिने ज्यांनी माझी तक्रार एकमेकांकडे वर्ग केली ते दोघं एका खोलीत, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. फोटो एकानं दुसऱ्याकडे दिला. दुसऱ्यानं उलटा करून मागची बाजू बघितली, तिथं तर काहीच नव्हतं. मी सातवं पान पुढं केलं. चौदा नगांखाली पेन्सिलनं रेघ मारलेली.

चार मिनिटं लागली असतील सगळं मिळून. पंधरा दिवसांत काम करून अहवाल द्या, असं लिहून घेतलं. लोकशाही दिनाची खरी करामत मला विचाराल तर आयुक्त नव्हेत. ती खोली. जिथं दोन विभाग शेजारी उभे राहतात आणि मधलं झाकण कुणाकडेच सरकवता येत नाही.

पंधरा दिवसांचे चाळीस झाले. 13 डिसेंबरला, शनिवारी, रात्री अकरा वाजता कटर घेऊन माणसं आली. 15 डिसेंबरला महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली, त्याच्या दोन दिवस आधी. योगायोग असेल. माणसं मात्र कामाची होती. डांबर चौकोनी कापलं, जुनी लोखंडी कड उखडली, विटांचा एक थर चढवला, काँक्रीट ओतलं. मी गिरणीतला बल्ब बाहेर लटकवून दिला. सकाळी परकर सोडवून घेतला, खुर्ची भंगारवाल्याला दिली. नुसतं माझंच नव्हे, पाचही चेंबरं झाली. दोन दिवस आमच्या गल्लीत माझी किंमत फार वाढली होती.

15 जानेवारीला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल. इतकी वर्षं गल्लीत सगळे एकतर माजी होते नाहीतर भावी, आता चार खरेखुरे नगरसेवक आहेत. एका प्रभागात चार. चौघांनीही नंबर दिलेत. एकाला फोन केला तर तो म्हणतो हा भाग दुसऱ्यांकडे वाटून दिलाय. म्हणजे ‘वर्ग’ इथंही आहेच. काका म्हणतात, नगरसेवकानं मतदारांची क्षेत्रसभा घ्यायची तरतूद 2009 पासून कायद्यात आहे, ती घ्यायला लावू. चौघींपैकी एक बाई स्वतः येऊन गेल्या, चहा घेतला, पीठही घेऊन गेल्या. पैसे दिले, हेही लिहिते. चौघी म्हटलं, दोन बाया आणि दोन पुरुष आहेत, पण येऊन गेल्या त्या बाईच.

नव्यानं वापरणाऱ्यांसाठी एवढंच: फोटोत आपल्या दाराची काहीतरी खूण येऊ द्या, एका तक्रारीत दोन विषय घालू नका, ‘समाधानी आहात का’ याला रागानं नव्हे तर सवयीनं ‘नाही’ दाबत जा आणि कागदाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. कचऱ्याचं असेल तर अॅपच्या नादी लागण्याआधी सकाळी साडेसहाला आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांची हजेरी लागते तिथं, जाऊन मुकादमाला भेटा. आमच्या डीपीजवळचा ढीग त्यानं दोन दिवसांत उचलायला लावला, नंबर न देता.

आता राहिलं एक. चेंबर वर आलं खरं, पण हात आडवा लावून बघितलं तर दोन बोटं जास्तच वर आलंय. स्कूटर आता पडत नाही, उडते. डब्यातलं पीठ हिंदकळतं, झाकण निसटतं. कंबरेचं दुखणं असलेले एक भाऊ रोज मला हात जोडून जातात, जणू मीच ते बांधलं. गेल्या गुरुवारी नवी तक्रार टाकली. या वेळी विचार करून पथ विभाग निवडला, फोटोत गिरणीची पाटी घेतली, सातव्या पानाची प्रत जोडली.

काल मेसेज आला. मलनिस्सारण विभागाकडे वर्ग.